‘पंप गेलाय’ म्हणण्याआधी

जुन्या पेट्रोल जीपने चढावर मान टाकली की गॅरेजमधला निकाल बहुतेक वेळा ठरलेला असतो : ‘पंप गेलाय, नवा टाका.’ सातारा जिल्ह्यात रहिमतपूरकडून औंधला यायचं आणि तिथून यमाई देवीच्या डोंगराच्या वाटेला लागायचं, तेही एप्रिलच्या उन्हात, ही अशा गाडीची खरी परीक्षा. सपाटीला झकास पळणारी जीप चढ लागताच आचके देते, मग गप्प होते. बॉनेट उघडून अर्धा तास उभी केली की काही घडलंच नव्हतं अशा थाटात पुन्हा सुरू होते. दोष पंपाचा असू शकतो. पण तो टाकीच्या झाकणाचा, चिरलेल्या रबरी नळीचा, गाळ बसलेल्या फिल्टरचा आणि अलीकडे तर खुद्द पेट्रोलचाही असू शकतो. पंप बदलणं तास-दीड तासाचं काम आहे. तो बदलायला हवा का, हे ठरवण्यात खरी कसोटी आहे.

टाकी खाली, कार्बोरेटर वर

पेट्रोल टाकीतून कार्बोरेटरपर्यंत न्यायचं कसं, हा प्रश्न मोटारीइतकाच जुना. सुरुवातीला तो उतारावर सोडून दिला होता. 1908 ते 1927 या काळात बनलेल्या फोर्डच्या मॉडेल टीला पंपच नव्हता. टाकी सीटखाली, कार्बोरेटर त्याहून खाली, पेट्रोल आपसूक उतरायचं. अडचण यायची ती चढावर. गाडीचं नाक वर गेलं की कार्बोरेटर टाकीच्या वर जायचा आणि टाकीत पेट्रोल कमी असेल तर इंजिन उपाशी राहायचं. त्यावर चालकांचा तोडगा सोपा होता : गाडी वळवायची आणि चढ रिव्हर्समध्ये चढायचा.

पुढे इंजिनच्याच व्हॅक्यूमने पेट्रोल ओढून एका छोट्या टाकीत साठवायची पद्धत आली. तीही चढावरच फसायची, कारण अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की इनटेक मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम पडतो. म्हणजे इंजिनला जास्त पेट्रोल हवं तेव्हाच ओढ कमी. हे दुखणं मिटवलं ते 1920 च्या दशकाच्या अखेरीस रूढ होऊ लागलेल्या, कॅमशाफ्टवर चालणाऱ्या पडद्याच्या पंपाने. या पंपांची एक मोठी उत्पादक कंपनी म्हणजे अमेरिकेतली एसी. तिचा संस्थापक आल्बेर शांपियाँ हा मुळात फ्रेंच सायकलपटू, 1899 च्या पॅरिस-रूबे शर्यतीचा विजेता. आपल्याकडचे जुने मेकॅनिक या पंपाला अजूनही ‘एसी पंप’ म्हणतात. थंड हवेच्या एसीशी त्याचा संबंध नाही.

भारतात हा पंप घरोघरी पोचला तो मुंबईत तयार झालेल्या गाड्यांमुळे. महिंद्रांनी 1947 मध्ये विलिस जीप जोडायला घेतली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट बनवली, तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं. 1953 मध्ये आलेल्या उंच बॉनेटच्या सीजे-3बी जीपचं 2199 सीसीचं. इंजिनं वेगळी, पण पेट्रोल चढवण्याची रीत तीच.

पडदा, स्प्रिंग आणि दोन वॉल्व्ह

पंप समजायला औंधच्याच जुन्या मुलखातला दाखला घेऊ. औंध संस्थानची 72 गावं एकसलग नव्हती. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात. कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिला आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगर बनवणारा हा कारखाना पुढे पाण्याच्या सेंट्रिफ्युगल पंपांसाठी देशभर गाजला. या भागातल्या शेतकऱ्याला तो पंप पाठ असतो : आधी पाणी भरायचं, फूटवॉल्व्ह धरत नसेल तर मोटर नुसती फिरते, पाणी काही चढत नाही. सेंट्रिफ्युगल पंपाला कोरडी हवा ओढता येत नाही, म्हणून ही खटपट.

जीपचा पंप दुसऱ्या जातीचा. त्यात फिरणारं चक्र नाही. वरचा आणि खालचा अशा दोन कवचांच्या मधे रबर चढवलेल्या कापडाचा एक पडदा, म्हणजे डायाफ्राम, दाबून बसवलेला असतो. पडद्याच्या मधोमध एक दांडी, दांडीला जोडलेला आर्म, आणि आर्मचं टोक इंजिनच्या आत कॅमशाफ्टवरच्या एका फुगीर चकतीवर टेकलेलं. चकतीचा फुगवटा आला की आर्म पडदा खाली ओढतो. वरच्या पोकळीत ओढ तयार होते, आतला वॉल्व्ह उघडतो, टाकीकडून पेट्रोल येतं. फुगवटा सरला की पडद्याखालची स्प्रिंग पडदा वर ढकलते, बाहेरचा वॉल्व्ह उघडतो आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जातं. दोन्ही वॉल्व्ह फूटवॉल्व्हसारखे एकाच दिशेने वाट देणारे. मात्र पडदा हवाही ओढू शकतो, त्यामुळे हा पंप कोरडा पडला तरी स्वतःच पेट्रोल चढवून घेतो.

यात एक बारकावा आहे. पेट्रोल ओढतो कॅम, पण ढकलते स्प्रिंग. कार्बोरेटरची वाटी भरली, फ्लोट वर आला आणि निडलने वाट बंद केली की स्प्रिंगला पडदा वर ढकलता येत नाही. पडदा खालीच थांबतो आणि आर्म मोकळा हलत राहतो. इंजिन कितीही जोरात फिरलं तरी दाब स्प्रिंगच्या ताकदीपलीकडे जात नाही. जीपच्या पंपाचा दाब साधारण 2.5 ते 3.75 पीएसआय. कार्बोरेटरच्या निडलला एवढाच झेपतो.

आता चढाचं कोडं सुटतं. समजा जीप लिटरला 10 किलोमीटर देते आणि ताशी 50 च्या वेगाने सपाटीला चालली आहे. तिला तासाला 5 लिटर, म्हणजे मिनिटाला जेमतेम 83 मिलिलिटर पेट्रोल लागतं. धडधाकट पंप याच्या कित्येक पट पेट्रोल देऊ शकतो. त्यामुळे निम्मा थकलेला पंपही सपाटीला कुणाच्या लक्षात येत नाही. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण अॅक्सिलरेटरवर मागणी तिप्पट-चौपट होते आणि तेव्हा तो उघडा पडतो. पण हीच गत अर्ध्या तुंबलेल्या फिल्टरचीही होते. लक्षण सारखं, आरोपी वेगळा. तपास करायचा तो यासाठी.

तपास टाकीपासून

तपास पेट्रोलच्या वाटेने, मागून पुढे करावा. पहिलं काम टाकीचं झाकण. पेट्रोल कमी होईल तशी टाकीत हवा यावी लागते. झाकणाचं हवेचं भोक धुळीने किंवा नव्या रंगाने बुजलं तर टाकीतच व्हॅक्यूम धरतो आणि पंपाची ओढ हरते. गाडी बंद पडल्याबरोबर झाकण उघडा. ‘सुस्स’ आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर पंपाला हात लावू नका.

दुसरं, टाकी ते पंप या पट्ट्यातली नळी. या बाजूला ओढ असते, दाब नसतो. त्यामुळे नळीला चीर असेल तर पेट्रोल गळत नाही, हवा आत जाते. मेकॅनिकच्या भाषेत गाडी ‘एअर धरते’. बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत दिसतं आणि शिक्षा मात्र पंपाला होते. टाकी आणि चासीमधला रबरी तुकडा वाकवून पाहा. बारीक भेगा दिसल्या तर तो आधी बदला.

तिसरं, काचेची कटोरी. अनेक जुन्या एसी पंपांना गाळ आणि पाणी साठवणारी काचेची कटोरी असते, तारेच्या कड्याने आवळलेली. तिच्याकडे नीट पाहिलं तर अर्धा रोग कळतो. तळाशी तांबूस भुकटी म्हणजे टाकी आतून गंजली आहे. तळाला वेगळे लोळणारे पाण्याचे थेंब म्हणजे पेट्रोलमध्ये पाणी. इंजिन चालू असताना कटोरीत सतत बुडबुडे म्हणजे कुठून तरी हवा येते आहे, बऱ्याचदा कटोरीवरच्या वाळलेल्या कॉर्कच्या पॅकिंगमधूनच.

चौथं, डिपस्टिक. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी वाढलेली असेल तर पडदा फाटून पेट्रोल ऑइल चेंबरमध्ये उतरत असण्याची दाट शंका घ्यावी. हे सर्वांत घातक, कारण पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. अशी गाडी पुढे रेटू नये. पंपाच्या खालच्या कवचाला बारीक भोकं असतात, तिथे ओल दिसली तरी अर्थ तोच.

शेवटी पंपाची जबानी. इग्निशन कॉइलची वायर काढा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. कार्बोरेटरकडची नळी सोडून तिचं तोंड बाटलीत धरा आणि कुणाला तरी सेल मारायला सांगा. दर झटक्याला भरदार, ठोकेबद्ध पिचकारी आली तर पंप ठीक आहे, पुढे कार्बोरेटरचा निडल आणि जाळी पाहा. क्षीण धार किंवा नुसती हवा आली तर पंपाची आतली नळी काढून तिथे बोट लावा आणि पुन्हा सेल मारा. ओढ जाणवली तर दोष मागच्या नळीत. ओढच नसेल तर मात्र पंप दोषी.

दोन सवयी इथे सोडाव्यात. नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढणं, कारण ते घशाऐवजी फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. आणि कार्बोरेटरमध्ये बाटलीने पेट्रोल ओतत सेल मारणं, कारण इंजिनने उलट फटाका दिला तर हातातली बाटलीच पेटते.

बदलायचा तर असा

काम मोकळ्या हवेत, थंड इंजिनवर करावं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती सर्व्हिसच्या खड्ड्यात साचते, म्हणून खड्ड्यावर हे काम नको. बॅटरीची वायर काढा. शेजारी पावडरचं अग्निशामक किंवा वाळूची बादली ठेवा, पाणी नव्हे. टाकीकडची नळी सोडली की पेट्रोल आपोआप वाहू शकतं, तिला लगेच बूच मारा.

नळीचे नट सोडताना दोन पाने वापरा : एकाने पंपावरची जोडणी धरायची, दुसऱ्याने नट फिरवायचा. एकच पाना लावला तर नळी पिळवटते. विलिस जीपचे नट-बोल्ट इंचाच्या मापाचे. मिलिमीटरचा ‘जवळपास बसणारा’ पाना घातला की कडा गोल झाल्याच म्हणून समजा. मग पंपाचे दोन बोल्ट काढून पंप हलवत बाहेर घ्या. इंजिनच्या भोकात लगेच स्वच्छ फडका कोंबा आणि मगच जुनं गास्केट खरवडा, नाहीतर तुकडे थेट ऑइलमध्ये. फडका काढायला विसरू नका.

नवा पंप जुन्याशेजारी ठेवून पाहणं ही या कामातली सगळ्यात किफायतशीर दोन मिनिटं. आर्मची लांबी आणि वळण सारखं आहे का? आत आणि बाहेरच्या नळ्यांची तोंडं त्याच बाजूला आहेत का? काही जीपच्या पंपाला वायपरसाठी व्हॅक्यूमचा जादा भाग असतो, म्हणजे चढावर मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम पडला तरी वायपर थांबत नाही. त्याजागी साधा पंप घातला तर वायपरच्या व्हॅक्यूमची नळी उघडी राहून इंजिन तिथून हवा ओढेल. ती नीट बंद करावी लागते.

पंप आणि इंजिन यांच्यामध्ये बऱ्याच गाड्यांत उष्णता अडवणारा जाड तुकडा असतो. त्याची जाडी मनाने बदलू नये. जाड घातला तर आर्मचं टोक कॅमपासून लांब जातं, पडदा पुरता हलत नाही आणि नवाकोरा पंप अर्धपोटी काम करतो. पातळ घातला तर आर्मवर ताण येऊन तो झिजतो किंवा मोडतो.

बसवताना आर्मच्या टोकाला थोडं ऑइल लावा आणि ते कॅमच्या योग्य बाजूला टेकलंय याची खात्री करा. पंप हाताने धरला तर जवळपास टेकला पाहिजे. फार जोराने दाबावा लागत असेल तर कॅमचा फुगवटा समोर आला आहे. हँडलने इंजिन एक फेरा फिरवा. क्रँकच्या एका फेऱ्यात कॅमशाफ्ट अर्धाच फेरा घेतो, त्यामुळे फुगवटा पलीकडे जातो. बोल्ट आळीपाळीने आवळा, एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जाऊ नका. नळीचे नट पहिले काही आटे बोटांनीच बसवा. तिरका आटा गेला तर पंपाची मऊ धातूची कवचं कायमची बिघडतात.

आता पंपाच्या खालच्या बाजूला हाताने हलवायची कळ असेल, तर ती हलवून पेट्रोल चढवा. कळ सैल, निर्जीव वाटली तर पंप बिघडला असं नाही : कॅमने आर्म आधीच दाबून धरला असेल. पुन्हा हँडलने एक फेरा द्या. गाडी सुरू झाल्यावर सगळे जोड कोरड्या बोटाने तपासा आणि काही दिवस चालवल्यावर बोल्ट एकदा पुन्हा आवळा, कारण नवं गास्केट दबतं.

पंपाचं कवच चांगलं असेल तर नवा पंप घेण्याऐवजी पडदा आणि वॉल्व्हचं किट टाकणं अधिक शहाणपणाचं. उघडण्याआधी दोन्ही कवचांवर एकच आडवी खूण करा, म्हणजे तोंडांची दिशा चुकत नाही. आणि कवचाचे स्क्रू शेवटी आवळताना कळ किंवा आर्म पूर्ण दाबून पडदा खाली ओढलेला असू द्या. सपाट अवस्थेत आवळलेला पडदा पहिल्याच दिवशी कडेला ताणला जातो आणि लवकर फाटतो.

उसाचं पेट्रोल आणि जुनं रबर

हल्ली किट टाकूनही पडदा का टिकत नाही, याचं एक मोठं कारण नळीत वाहतंय. देशाने पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉलचा टप्पा 2022 मध्ये गाठला, 20 टक्क्यांचा 2025 मध्ये. कृष्णाकाठच्या साखर पट्ट्याला हे नवं नाही. मळीपासून, उसाच्या रसापासून आणि आता मक्यापासूनही हे इथेनॉल बनतं. एप्रिल 2023 पासूनच्या नव्या गाड्यांचे भाग त्याला टिकतील असे बनवलेले आहेत. 1960 च्या जीपला हे कुणी विचारलं नव्हतं.

इथेनॉलचे परिणाम तीन. एक, जुन्या प्रकारचं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं आणि नंतर सुकून चिरतं. दोन, ते हवेतली ओल शोषतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात, टाकी गंजते आणि पंपाची मऊ मिश्रधातूची कवचं पांढरी पडतात. तीन, ते टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकटा सोडवतं. तो सगळा फिल्टरमध्ये आणि पंपाच्या वॉल्व्हखाली येऊन बसतो.

याला उन्हाची जोड मिळते. पेट्रोलचे हलके घटक 35 अंशांच्या आसपास उकळू लागतात आणि इथेनॉल मिसळल्याने मिश्रणाची उडून जायची प्रवृत्ती वाढते. तापलेल्या इंजिनला चिकटलेल्या पंपात, त्यातही ओढीच्या बाजूला, पेट्रोलची वाफ होते आणि पडदा वाफ नुसती दाबत-सोडत बसतो. सुरुवातीला सांगितलेलं अर्ध्या तासाच्या विश्रांतीचं कोडं बरेचदा इथे सुटतं. पंपावर ओला फडका टाकल्यावर गाडी लवकर सुरू झाली तर हाच प्रकार. उपाय पंप बदलणं हा नाही. नळी एक्झॉस्टपासून लांब नेणं, उष्णता अडवणारा तुकडा जागेवर असणं आणि मधे पत्र्याचा आडोसा, एवढं केलं तर फरक पडतो.

म्हणून किट घेताना एकच प्रश्न ठामपणे विचारा : पडदा कशाचा आहे? इथेनॉलला टिकणारं फ्लुओरो रबर, म्हणजे व्हिटॉन, किंवा तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. वर्षानुवर्षं कपाटात पडलेला ‘ओरिजिनल’ पंप पाकीटबंद असला तरी त्याचा पडदा त्याच्याच वयाचा असतो. पंपाबरोबर रबरी नळ्याही बदला. एसएई जे30आर9 अशी खूण असलेली नळी चालते.

आणि इलेक्ट्रिक पंप? टाकीजवळ बसवला तर तो पेट्रोल ओढण्याऐवजी ढकलतो, त्यामुळे वाफेचा त्रास कमी होतो, हे खरं. पण तो कार्बोरेटरसाठीचा, कमी दाबाचाच हवा. इंजेक्शनच्या गाडीचा पंप 40 पीएसआयच्या पुढे जातो आणि कार्बोरेटर वाहवून टाकतो. शिवाय मेकॅनिकल पंपाचा मोठा गुण म्हणजे इंजिन थांबलं की तो थांबतो. इलेक्ट्रिक पंप अपघातानंतरही पेट्रोल फेकत राहू शकतो, म्हणून धक्का बसताच वीज तोडणारा स्विच त्याच्याबरोबर हवाच. 50 वर्षांपेक्षा जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद करायचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा : 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार अशी गाडी मूळ रूपात जपलेली असावी लागते.

मेकॅनिकल पंप हा गाडीतला सगळ्यात साधा आणि सगळ्यात जास्त बदनाम भाग. त्याच्यावर ठपका ठेवण्याआधी झाकण, नळी, कटोरी आणि डिपस्टिक पाहा. ठपका सिद्ध झालाच, तर इथेनॉल सोसणारा पडदा घाला आणि जुना पंप भंगारात देऊ नका. कवच शाबूत असेल तर पुढचं किट त्यातच बसेल.